आतेभावाचं 'ॲट मोस्ट'

माझ्या आतेभावाइतका इंग्रजीनं छळलेला आणि तरी इंग्रजीला न घाबरणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. तसा गणितात वाघ. पण नोकरीच्या परीक्षेत तेच गणित इंग्रजीत यायचं आणि 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट' ही मंडळी त्याला दारातच अडवायची. धामणगावहून तो क्लाससाठी अमरावतीला आमच्याकडे राहायला आला. वयाची मर्यादा संपत आलेली, ही शेवटचीच संधी. आत्यानं मला फोनवर बजावलं होतं, "यंदा पोट्टं नोकरीले लागलंच पाह्यजे."

त्याची रीत अशी, की इंग्रजी शब्द दिसला की त्याच्यासाठी घरातलं माणूस शोधायचं. 'ग्रेटर दॅन' म्हणजे आत्या, 'लेस दॅन' म्हणजे तिच्यापुढे उभे असलेले आतोबा. 'ग्रेटर दॅन ऑर इक्वल टू' म्हणजे माझी बायको. "वहिनी कधी तुह्या बरोबरीनं राह्यते, कधी वर. खाली कधीच नाही." त्या दिवसापासून त्याच्या पोळीवरचं तूप वाढलं. वहिनीचा आग्रह पाहून 'ॲट लीस्ट' त्याला एका जेवणात कळलं. 'ॲट मोस्ट' मात्र काही केल्या डोक्यात शिरेना.

मी म्हटलं, "ॲट मोस्ट दोन पोळ्या, म्हणजे तिसरी नाहीच."

त्याला माझी कीव आली. "दादा, असं कोणाच्या घरी असते?"

सराव पेपरात लिफ्टमध्ये जास्तीत जास्त आठ माणसं मावत असली, तर हा नववा चढवणारच. "सरकून घेतील ना." मी कपाळाला हात लावला.

शेवटी बायकोच म्हणाली, "भाऊजी, आत्याबाईले डॉक्टरनं दिवसाचा एकच चहा सांगितला. मांगितला तर दुसरा देता का तुमी?"

घरी असताना आत्याच्या हातातून दुसरा कप तोच काढून घ्यायचा, आणि मग स्वतःलाही चहा जायचा नाही.

"नाही देत," तो हळूच म्हणाला. त्यानंतर त्याचं ते गणित कधी चुकलं नाही.

नोकरी लागली, ती थेट तामिळनाडूत. परवा आत्या आमच्याकडे होती, तेव्हा त्याचा फोन आला. मी फोन स्पीकरवर टाकून विचारलं, "घरी कधी येतोस?"

"सुट्टीचं अवघड आहे, दादा. वर्षातून ॲट मोस्ट एकदा."

उत्तर बिनचूक होतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. आत्यानं मला अर्थ विचारला, मी सांगितला. तिनं माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, "तुह्या सायबाले म्हण, जरा सरकून घ्या."