आईच्या नावाची कविता

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पोर्तुगीज अमदानीत मडगावच्या कोर्टात कारकून होते आणि पोर्तुगीजमधून कविता करायचे. त्या तिथल्या वर्तमानपत्रांत छापून यायच्या. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांची एकही ओळ कुणाला येत नव्हती. दोन्ही मामा पोर्तुगीज शाळेत शिकले, पण त्यांनी त्या कधी वाचून दाखवल्या नाहीत. आईला मात्र आजोबांनी मराठी शाळेत घातलं. याचा सल तिला आयुष्यभर होता. वडिलांच्या कवितेबद्दल तिला दोनच गोष्टी माहीत होत्या. एक, ते सरकारविरुद्ध लिहायचे. दुसरी, एक कविता त्यांनी तिच्यावर केली होती. शीर्षकच तिचं नाव होतं. तेवढा शब्द तिला वाचता यायचा.

माझे वडील गेल्यावर मी तिला अबू धाबीला आणलं. अल रीम आयलंडवरच्या एकतिसाव्या मजल्यावर तिला करमेना. आम्ही दोघं ऑफिसला, नात शाळेत. ही खिडकीपासून दारापर्यंत चालत राहायची. अशात मडगावच्या एका वाचनालयाचा फोन आला. ते आजोबांच्या कवितांची छोटी पुस्तिका काढणार होते आणि त्यांना आईकडून आठवणींची दोन पानं हवी होती. धाकटे मामा वारल्यावर मामीने कात्रणांची फाईल आईकडे दिली होती, ती तिने सामानात आणलेली होती. आता ती रोज फाईल उघडून बसायची आणि पाच मिनिटांत उठायची. यात काय आहे ते कळल्याशिवाय मी काय लिहू, असं मलाच विचारायची.

मी कात्रणांचे फोटो काढून मोबाईलवर भाषांतर करून पाहिलं. कागद पिवळा, छपाई फिकी. एका ओळीत गव्हर्नर आणि कोंबडी शेजारीशेजारी आले. मग माझी मुलगी म्हणाली, "आई, अवर कोच इज ब्राझिलियन. ही स्पीक्स पोर्तुगीज." इथे शाळांमधून जिउ-जित्सू, म्हणजे एक प्रकारची कुस्ती, शिकवतात आणि शिकवणारे बरेचसे ब्राझीलचेच असतात. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळेच्या गेटवर मी त्याला भीतभीत विचारलं. तो म्हणाला, शनिवारी येतो, इन्शाल्ला. इथे इन्शाल्ला म्हटलं की मी फारशी आशा धरत नाही. पण शनिवारी दुपारी चारला तो दारात हजर होता. दांडगा माणूस, कुस्तीने मोडलेले कान, आणि आईसमोर अगदी वाकून म्हणाला, "सेन्योरा."

त्याने पहिलं कात्रण मोठ्याने वाचलं. अर्थ तो मला इंग्रजीत सांगायचा, मी आईला मराठीत. एका गव्हर्नरच्या दौऱ्याच्या स्वागतासाठी केलेली ती कविता होती. नुसती स्तुती. मी अर्थ सांगताना दोन शब्द गाळले, ते आईच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "सगळं सांग." मी सांगितलं. ती म्हणाली की कोर्टातली नोकरी होती, चार पोरं होती.

मला ते 'चार' खटकलं. आई आणि दोन मामा धरून ती भावंडं तीनच. मला वाटलं, चुकून म्हणाली. पुढे मी तिला ते विचारलं, तर तिला आपण तसं म्हटल्याचंही आठवत नव्हतं. लहानपणी कधीतरी कानावर पडलं असेल.

मग तिने स्वतःच्या नावाचं कात्रण त्याच्या हातात दिलं. तो वाचायला लागला आणि अर्ध्यात थांबला. मला हळूच म्हणाला, ही कविता गेलेल्या मुलीवर आहे. तापातली लहान मुलगी, भिंतीकडे सरकवलेला छोटा पलंग, पाटीवर अर्धंच राहिलेलं एक अक्षर. मग त्याने कोपऱ्यातली पुसट तारीख दाखवली. ती आईच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची होती.

मी हे आईला कसं सांगावं या विचारात असतानाच तिने वाकून ती तारीख पाहिली आणि म्हणाली, "ही माझी नाही ना?"

मी मान हलवली. कोच घाईघाईने उठला, सॉरी सॉरी म्हणत राहिला. जाताना आईने त्याला सोलकढीची बाटली दिली, इतकं तिला भान होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मडगावला तिच्या आतेबहिणीला फोन लावला. नव्वदीच्या त्या मावशी तेवढ्या उरल्या आहेत. बोलणं कोंकणीत, स्पीकरवर. मावशींनी काही लपवलं नाही. पहिली मुलगी पाच वर्षांची होऊन गेली. आजोबा तिला मांडीवर बसवून पोर्तुगीज अक्षरं शिकवायचे. त्यानंतर दोन वर्षांनी आईचा जन्म झाला, तेव्हा आजीने हट्टाने तेच नाव ठेवलं. आजोबांना ते नको होतं. त्याच नावाची मुलगी पुन्हा ती अक्षरं गिरवताना त्यांना बघवली नसती, म्हणूनच आईला पोर्तुगीज शाळेत घालायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. हे तुला कुणी सांगितलं नाही का, असं मावशींनीच उलट विचारलं.

त्या आठवड्यात माझंही कशात लक्ष लागलं नाही. मीटिंगमधून उठून मी घरी फोन करायचे. ती उचलायची आणि चालताचालताच बोलायची, तिचा श्वास ऐकू यायचा. एकदा म्हणाली, "शाळा दिली नाही, त्याचं आता काही नाही. पण नावसुद्धा माझ्यासाठी ठेवलेलं नव्हतं गं." त्यांचं तुझ्यावर प्रेम नव्हतं असं थोडंच आहे, असं मी म्हटलं. ते तिला माहीत होतं. तिला दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते मला आजही नीट सांगता येत नाही.

शेवटी तिने दोन पानं लिहिली. गव्हर्नरची कविता घ्यायची असं तिनेच कळवलं. ते सरकारविरुद्ध लिहायचे, हे मात्र कुठेही लिहिलं नाही. दुसऱ्या कवितेखाली एक ओळ: ही माझ्या थोरल्या बहिणीसाठी आहे. तुझंही नाव तेच, हे लिही ना, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "नको. तिला तेवढी एकच आहे."

पुस्तिका निघाली. आई प्रकाशनाला गेली नाही. फाईलमध्ये अजून सात कात्रणं आहेत. तो कोच करार संपवून परत गेला. नवा आला आहे, तोही ब्राझीलचा. आईने त्याच्याबद्दल स्वतःहून चौकशी केली, मी शनिवार ठरवला. सकाळी तिने फाईल टेबलावर काढून ठेवली, पुन्हा आत नेली, पुन्हा आणली. अकराच्या सुमारास मला म्हणाली, "त्याला पुढच्या शनिवारी बोलाव." असे तीन शनिवार झाले आहेत.