अक्का घरी नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला ठाऊक होतं, पण तिच्यापुढेही कधी तोंड उघडलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही पुन्हा भित्रेपणच?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोलीच्या स्टँडवर पेपर वाचत होतो. इस्रायलमधल्या तरुण पोरांना पॅलेस्टिनी लोकांबद्दल काय वाटतं, यावर मजकूर होता. शेजारी राहिलेले चालतील का, एका वर्गात चालतील का — असं विचारलेलं, आणि बऱ्याच पोरांना चालणार नव्हते. बाकावरचे गृहस्थ डोकावून म्हणाले, काय पोरं आहेत. मी मान हलवली आणि पेपरची घडी केली. पुढचं वाचवेना. त्या पोरांची लढाई, त्यांची भीती मला माहीत नाही. त्यांचा न्याय करणारा मी कोण? पण एकोणिसाव्या वर्षीची ती खात्री मी ओळखली. त्यांच्यातल्या कितीकांची समोरच्या माणसाशी धड ओळखही नसेल. माझी होती. मी ज्याच्याबद्दल बोललो, त्याच्याच हातून माझ्या आईनं लग्नाचा चुडा भरला होता.

रशीद चाचा मणियार. दर मंगळवारी बांगड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून आमच्या गावात यायचे. परक्या बाईचा हात हातात घेण्याचा हक्क गावात एकट्या त्यांना होता. अंगठा आत दुमडायचा, बोटांची हाडं हलक्यानं दाबत न्यायची, आणि बोलण्यात गुंतवून बांगडी कधी चढवली ते कळू द्यायचं नाही. भरून झालं की बाया त्यांना वाकून नमस्कार करायच्या. चाचा मान खाली घालून पुटपुटायचे, सुखी राहा बेटा.

मी तेव्हा हिंगोलीत खोली करून कॉलेजात होतो. ब्याण्णवच्या त्या हिवाळ्यात पेपरात रोज दंगलीच्या बातम्या. चहाच्या टपरीवर भाषणांच्या कॅसेटी लागायच्या, त्या आम्हाला पाठ झाल्या. पाठ झालेलं बोललं की चार पोरं गप्प बसून ऐकायची — ते मला फार आवडायला लागलं होतं. खोटं कशाला सांगू? द्वेष नंतर आला. आधी ते ऐकून घेतलं जाणं आलं.

सुट्टीत गावी गेलो. आम्ही पोरांनी मंडळ काढलं होतं. पारावर दुपारी बैठक बसली आणि ठरलं, त्यांच्यातला कुणीही फेरीवाला गावात येऊ द्यायचा नाही. म्हातारे तात्या तिथंच तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "काहून? मणियारानं काय केलं तुमचं? माझ्या चार पोरी त्याच्या हातच्या बांगड्या घालून नांदायला गेल्या. तुमी पोरं मिशा फुटायच्या आधीच राज्य करून राहिले."

सगळे हसले. मंडळाची पोरंसुद्धा. बेत तिथंच मोडणार होता. मोडू द्यायला काय जात होतं माझं?

मी म्हणालो, "त्यानं आमच्या अक्काचा हात सोडला न्हाई. मी डोळ्यानं पाह्यलं."

काय पाहिलं होतं मी? आदल्या महिन्यात मी गावी आलो असताना माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या हातावर बांगडी फुटली होती. काच रुतली, रक्त आलं. चाचांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून फुंकर घातली, काच काढली, फडकं बांधलं. आई बाजूलाच बसली होती. एवढंच. मी खोटं रचलंसुद्धा नाही — त्यांच्या मायेतलंच उचललं आणि उलटं केलं.

तात्यांनी तंबाखू टाकून दिली आणि उठून गेले. लेकीबाळींचं नाव निघाल्यावर आमच्याकडे कुणी पुढं विचारत नाही. हे मला बराबर माहीत होतं, म्हणूनच तर ते बोललो.

मंगळवारी आम्ही पोरांनी त्यांना वेशीत अडवलं. मारलं नाही कुणी. फक्त अक्काच्या हाताचं ते तोंडावर सांगितलं. चाचांनी गाठोडं खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळले. चिडले नव्हते. म्हणाले, "अक्काला बोलाव बेटा. ती सांगंल. ती हो म्हणली तर मी पुन्हा पाय ठेवत न्हाई."

एका माणसाची तीस वर्षांची फेरी, त्याचं नाव, त्याचं तोंड दाखवणं — सगळं अक्काच्या एका शब्दावर होतं. अक्का हाकेच्या अंतरावर, घरात मिरच्या कुटत होती.

मी म्हणालो, "अक्का घरी न्हाई."

त्यांनी गाठोडं उचललं. ते त्या गावात परत आले नाहीत.

अक्काला संध्याकाळी कळलं. ती पारावर जायला निघाली, तर आईनं दार धरलं. सोयरीक जुळत आली होती. गावभर बोभाटा नको म्हणून तिला गप्प केलं. तिच्या लग्नाच्या बांगड्या हिंगोलीहून डब्यात आल्या. ती त्या स्वतःच चढवत बसली होती आणि मी मांडवाची दोरी ओढत होतो. ती अजून राखी बांधते. बांधताना माझ्याकडे बघत नाही. की मीच तिच्याकडे बघत नाही?

पुढं मी नोकरीला लागलो, लग्न झालं. एकदा सहा वर्षांच्या लेकीला घेऊन वाशीमला निघालो होतो. कनेरगाव नाक्यावर गाडी थांबली आणि तिला बांगड्यांचा गाडा दिसला. गाड्यामागं रशीद चाचा. दाढी पांढरी, एका डोळ्यात मोतीबिंदू.

लेकीनं लाल बांगड्या निवडल्या आणि हात पुढं केला. चाचांनी बांगड्या कागदात गुंडाळून तिच्यापुढं ठेवल्या.

"घरी आईकडून भरून घे बेटा. मी कुणाचा हात धरत न्हाई."

त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी नाव सांगू शकलो असतो. भर रस्त्यात त्यांचे पाय धरू शकलो असतो. गाडी सुटायला अवकाश होता.

लेकीनं मला विचारलं, "बाबा, हे हात काहून धरत न्हाईत?"

मी म्हणालो, त्यांचे हात दुखतात.

चाचा समोरच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.