दस्तीची दोन टोकं

आमच्या कळमनुरीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे सर फळा फारसा वापरायचेच नाहीत. ते आम्हालाच वर्गासमोर उभं करून कुणाला ऑक्सिजन, कुणाला हायड्रोजन करायचे. पण पोरापोरींनी एकमेकांचे हात धरायचे म्हटलं, की सगळे खाली बघायचे. मग सर खिशातून दस्त्या, म्हणजे रुमाल, काढायचे. एक टोक पोराच्या हातात, दुसरं पोरीच्या.

"हा बंध. बराबर धरा रे लेकरांनो. सुटला तं पाणी व्हत न्हाई!"

मी कायम हायड्रोजन, म्हणून मला एकच दस्ती. कार्बन झालेल्या पोरीच्या चार दस्त्या बघून माझा जीव जळायचा.

परवा हिंगोलीच्या एसटी स्टँडसमोर सर दिसले. नजर अधू झालेली, रस्ता ओलांडायचा होता.

"सर, मी तुमची विद्यार्थिनी. हात द्या."

ते अवघडले. मग खिशातून दस्ती काढून त्यांनी एक टोक पुढं केलं.

"वर्गात कोन व्हतीस तू?"

"हायड्रोजन, सर."

"मंग बराबर धर, पोरी."

पलीकडे रसवंतीपाशी आम्ही कितीतरी वेळ बोलत उभे होतो. दस्ती दोघांपैकी कुणीच सोडली नव्हती.