हायमास्टखालचा तेजोमेघ

पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या रो-हाऊसच्या मागच्या अंगणातून, तिथल्या प्लगवर चालणाऱ्या दुर्बिणीला कॅमेरा लावून, दोन हिवाळे मी एका तेजोमेघाचे फोटो काढले. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधला वायूचा नि धुळीचा ढग. ढग नसलेल्या रात्रीची वाट बघायची आणि मग ढगाचाच फोटो काढायचा, हे बायकोला अजून पटलेलं नाही. माझा तेजोमेघ गुलाबाच्या आकाराचा, मधोमध पोकळी असलेला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. कितीतरी रात्रींचे फोटो एकावर एक रचले की पाकळ्या उमटतात. बाहेरच्या फिकट पाकळ्यांसाठी मला आणखी एकच हिवाळा हवा होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा झगझगीत दिवा, उभा राहिला. खाली पाटी, 'भाऊंच्या पाठपुराव्याने'. भाऊ म्हणजे आमचे भावी नगरसेवक. कित्येक वर्षं ते भावीच आहेत. त्या दिवसापासून आमच्या अंगणात रात्र होत नाही.

दिवा काढा म्हणायची माझी छाती नव्हती. वरून झाकण बसवा, उजेड खाली पडेल, एवढंच सांगायला फोटो घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो.

"काका, हे तुम्ही आपल्या प्रभागातून काढलं?"

"हो. पण आता या दिव्यामुळे काढता येत नाही."

"लय भारी. टेन्शन नका घेऊ, काम होऊन जाईल," असं म्हणून त्यांनी फोटो मोबाईलवर मागून घेतला. गरजवंताला अक्कल नसते. मी लगेच पाठवला.

पुढच्याच आठवड्यात भाऊंचा वाढदिवस आला. प्लॉटवर आमच्या भिंतीला लागून फ्लेक्स लागला. त्यावर माझा तेजोमेघ आणि बरोबर पोकळीत भाऊंचा चेहरा, गॉगलसकट. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मीही होतो, कॉलनीच्या ग्रुपवरून उचललेला.

"तुमचा फोटो छान आलाय," बायको म्हणाली. माझे दोन हिवाळे त्या माणसाच्या दाढीला महिरप म्हणून लागले होते. मला मनापासून राग आला. तसाच जाऊन फ्लेक्सपाशी शिडीवर चढलेल्या कार्यकर्त्याला विचारलं, "झाकणाचं काय झालं?"

"काका, भाऊंनी तुमचं काम स्पेशल घेतलंय. तुमचा फोटो अंधारात जायला नको म्हणून दोन हॅलोजन जास्तीचे लावायला सांगितलेत." दोन्हींची तोंडं फ्लेक्सकडे, म्हणजे थेट आमच्या अंगणाकडे होती. मग त्यानं वायरचं भेंडोळं भिंतीवरून आत सोडलं. "तेवढं मागच्या प्लगला लावून घ्या ना. तुमची दुर्बीण काय आता रात्रीची लागत नाही."