केकातला खडा

लेकाचं लग्न फ्रान्समध्ये, पेर्पिन्याँ गावच्या कचेरीत झालं आणि आम्ही ते पवनीत बसून फोनवर पाहिलं. राग आला होता मला, लपवत नाही. सून एलिझ बोलकी, पण तिची आई मादलेन, म्हणजे आमची विहीण, हिची गाठ पडायची होती. पहिल्याच भेटीत आपलं हसं होऊ नये, एवढीच धास्ती होती.

लेक नाताळला बोलावत होता. पण धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, टाकून कोण जातं? धान घरात येईस्तोवर नवं वर्ष उजाडलं.

"आता नाताळाचं उरलंसुरलं पाहाले चाललो आपण," हे म्हणाले.

तुम्ही जाणार असाल तर मी म्हणेन, मुद्दाम असंच उशिरा जा. आम्ही नागपूरहून मुंबई, तिथून एक विमान बदलून बार्सिलोना असे गेलो. पाच जानेवारीच्या संध्याकाळी तिथे नाताळच्या गोष्टीतल्या तीन राजांची मिरवणूक निघते आणि रथांवरून खाऊच्या गोळ्या उधळतात. लेक घ्यायला आला होता, त्याने तासभर आधीच जागा धरली.

"पाऊस नाही न पानी, हे लोक छत्र्या उलट्या कायले धरून राहिले?" ह्यांनी विचारलं. पाचच मिनिटांत हे स्वतःची टोपी पसरून गोळ्या झेलत होते.

सहा तारखेला तिथे सगळं बंद असतं, खाणं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. आम्ही रव्याचे लाडू खात रेल्वेने दीड तासात पेर्पिन्याँला पोचलो. स्टेशनवर एलिझ आली होती; विहीणबाईंच्या घरी जाताना ती सांगत होती, लेक समजावत होता. इटलीत पाच तारखेच्या रात्री झाडूवर बसून एक म्हातारी खाऊ वाटत येते. स्वीडनमध्ये आठवड्याने मुलं नाताळाच्या झाडाभोवती नाचतात आणि झाड घराबाहेर काढतात. म्हणजे जवळजवळ आपल्या संक्रांतीलाच की, मला बरं वाटलं.

विहीणबाईंनी ह्या राजांच्या सणाचा केक स्वतः केला होता, पापुद्र्यांचा, आत बदामाचं सारण. घरात सगळ्यांत लहान म्हणून एलिझ टेबलाखाली शिरली आणि कुठला तुकडा कोणाला ते तिथून सांगू लागली. वाटपात पक्षपात नको म्हणून असेल, असं मी समजले.

दुसऱ्याच घासाला दाढेखाली कटकन आलं. आता आम्ही भात खाणारी माणसं. पंगतीत खडा लागला तर आमच्याकडे कोणी बोलत नाही, नाहीतर घरधनीण शरमेने अर्धी होते. मी तोंड पुसल्यासारखं करून तो रुमालात घेतला आणि मुठीत धरला.

सगळ्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या तशी मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मादलेनबाईंनी चुरा चाचपला, मग ओव्हनमध्ये बघितलं. चेहरा पार उतरला त्यांचा.

लेक हळूच म्हणाला, "आई, केकात चिनी मातीचा वालाएवढा दाणा असते. ज्याले सापडला तो राजा. तुले अचानक सापडावा म्हणून सांगितलं नाही. एलिझच्या आजीचा होता तो."

मी मूठ उघडून तो दाणा टेबलावर ठेवला आणि लेकाला म्हटलं, "सांग त्याइले, मले खडा वाटला. त्याइची लाज राखाले लपवला."

त्याने सांगितलं. मादलेनबाई उठून आल्या आणि सोनेरी कागदाचा मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला. त्यांचे डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. माझा राग तिथेच गेला.

मुकुट मी घडी करून पवनीला आणला. पुढच्या हिवाळ्यात विहीणबाई आमच्याकडे आल्या. नव्या तांदळाचा भात होता आणि जेवता जेवता त्या एकदम थांबल्या. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि मूठ मिटली.

मी उठले आणि कपाटातून मुकुट काढला.