वेलिंग्टन पायी: निघालो तेव्हा तिघं होतो

वेलिंग्टनला जायची कल्पना माझ्या नवऱ्याची, मिलिंदची, आणि तिच्यामागे त्याचा डाव होता. माझे सासरे सांगलीत वारले त्याला आठ महिने झाले होते. सासूबाई ऑकलंडला आमच्याकडे आल्या होत्या, पण कायमचं राहायचा विषय काढला की त्यांचं एकच उत्तर: “हे तिकडे आहेत, मी इथे काय करू?” परतीचं तिकीट दहा दिवसांवर आलं होतं. देश नीट पाहिला तर आईचं मन वळेल, असं माझ्या भाबड्या नवऱ्याला वाटत होतं. ही २०१६च्या जुलैतली, म्हणजे इथल्या ऐन थंडीतली गोष्ट.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. राजधानी असली तरी शहर एवढंसं आहे, गाडी घेऊ नका. ऑकलंडहून विमानाने तासभर, पुढे बस. छत्री अजिबात नेऊ नका, वारा पहिल्याच कोपऱ्यावर तिची वाट लावतो. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र वारा पूर्ण पडला होता आणि बंदरावरून धुकं वर चढत होतं.

मोटेलमधून निघताना सासूबाईंनी पार्किंगमधला एक खडा उचलून पर्समध्ये टाकला. तिघांनी मिळून कुठे निघायचं नाही, चौथा म्हणून खडा तरी सोबत घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी फार्मासिस्ट, दिवसभर ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या लोकांना गोळ्या समजावून देणारी. मला हसू आलं.

“आई, इमिग्रेशनवाले याचाही व्हिसा मागतील हं.”

“मागू देत,” त्या म्हणाल्या.

टेकडीवर जाणाऱ्या लाल केबल कारच्या तिकीटखिडकीत एक हसरी मुलगी होती. “किया ओरा,” तिने इथला माओरी नमस्कार केला. “टू अडल्ट्स, टू सीनिअर्स?”

“वन सीनिअर,” मिलिंद म्हणाला.

तिने आमच्या मागे पाहिलं, सॉरी म्हणाली आणि तिकिटं दिली. मीही वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

वरून म्हणे अख्खं बंदर दिसतं. आम्हाला समोरचा कठडासुद्धा धड दिसेना. मग बोटॅनिक गार्डनमधून पायी उतरायला लागलो. रमतगमत तासभराची वाट आहे, बूट चांगले हवेत. उतरता उतरता बाग संपून जुनी दफनभूमी कधी सुरू होते ते कळत नाही. कललेले दगड, त्यांच्यावर शेवाळ. या थडग्यांच्या मधूनच मोटरवे काढलाय. धुक्यात गाड्या ऐकू येत होत्या, दिसत नव्हत्या.

मागून कुत्रा घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले. जाता जाता मिलिंदला सहज म्हणाले, “युवर डॅड्स अ बिट बिहाइंड. व्हेरी स्लिपरी, दोज स्टेप्स.” आणि पुढे निघून गेले.

मिलिंदचा चेहरा उतरला. सासूबाईंना एवढं इंग्रजी कळतं. त्या पायरीवर थांबल्या.

“थांबूया,” त्या म्हणाल्या. “यांचे गुडघे दुखतात.”

आम्ही दहा मिनिटं तिथे उभे होतो. झाडांवरून पाणी टपकत होतं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. वर कोणीतरी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरतंय असं वाटत होतं. आलं कोणीच नाही. मग सासूबाईच “चला” म्हणाल्या आणि कठड्याकडची बाजू मोकळी सोडून, नेहमीपेक्षा हळू चालू लागल्या.

खाली पार्लमेंटची गोल इमारत पाहिली, गरम सूप प्यायलो. सूप उत्तम होतं असं मिलिंद सांगतो, मला चव आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मिलिंदने धीर करून विचारलं, “आई, राहतेस का?”

“राहते की,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “आता तिकडे कोणासाठी जाऊ?”

मिलिंद इतका खूश झाला की लगेच तिकीट रद्द करायला फोन घेऊन बाहेर गेला. मलाही हेच उत्तर हवं होतं, अगदी मनापासून. मी मटार सोलायला सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसायला गेले. मग काय वाटलं कोण जाणे, मधली जागा सोडून पलीकडे बसले.