राख म्हणायचं नाही

अन्याय झाला तो विमलमावशीवर, यंदाच्या तान्ह्या पोळ्याला, सकाळच्या पाळीचा भोंगा वाजत असताना. गावात लेकरं लाकडी बैल सजवत होती आणि वणीजवळच्या कारखान्याच्या फाटकावर मावशीला सांगितलं जात होतं, उद्यापासून येऊ नका. कारण विचारलं तर म्हणाले, "तुम्ही अफवा पसरवता."

"अफवा?" मावशी म्हणाली. "मंग रोज गोण्याइत भरून काय तोलता जी तुमी?"

मावशी बसून बोलत नाही. मी कामगार संघटनेची पत्रकं वाटत पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा जयभीम झाला, खुर्ची मिळाली, चहा मिळाला, ती मात्र आत-बाहेर करत राहिली. अर्धं वाक्य ओट्याजवळून, अर्धं अंगणातून. बसा म्हटलं तर म्हणे, "बसली का डोक्शात भुंगा सुरू होते, माय. तू पी चहा."

या कारखान्यात पोलादाच्या भट्ट्यांची धूळ येते, ट्रकच्या ट्रक. कोळशासोबत भाजून तिच्यातून जस्त काढतात. वाया जाणारा धातू परत मिळतो, हे चांगलंच आहे. काम बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्या धुळीत शिसंही असतं, आणि गोण्या रिकाम्या करणाऱ्या बायांना तोंडावर बांधायचं फडकंसुद्धा घरून आणावं लागतं.

आत तिला कोणी धूळ म्हणतच नाही. सुपरवायझरपासून हमालापर्यंत सगळे म्हणतात राख. आणि राख म्हटल्यावर आमच्याकडची बाई काय करेल? घरोघरी गॅस आला, चुली विझल्या, तुरीला कीड लागू नये म्हणून चोळायला राख मिळेना. मावशीनंच पहिल्यांदा डबाभर घरी नेली. भांडी घासली, तुरीला चोळली, मग शेजारणींना वाटली. "चुलीच्या राखेहून बारीक हाय," असं कौतुकही केलं.

मग नात पोट धरून रडायला लागली. दवाखान्यात रक्त तपासलं तर शिसं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कारखान्याची धूळ येते का? मावशीला रागच आला. "धूळ कायची जी? दोन टाइम झाडतो मी."

दुसऱ्या दिवशी कामावर तिची नजर भिंतीवरच्या पाटीवर अडकली. 'घातक धूळ. हात धुतल्याशिवाय खाऊ नये.' पाटी नेहमीचीच. तिनं सुपरवायझरला विचारलं, "हे कोणती धूळ हो, भाऊ?"

तो हसला. "तुम्ही उचलून राह्यल्या तेच ना, मावशी."

"मंग राख काहून म्हणता?"

"सगळेच म्हणतात."

त्या संध्याकाळपासून मावशी दारोदार फिरली. डबे बंद करा, ती तूर शिजवू नका, लेकरांना हात लावू देऊ नका. शेजारच्या शेवंताआजीनं ऐकवलं, "तूच आणून देल्ली होती नं वं? तवा गोड लागली?"

"मीच देल्ली. म्हणून तर मीच आली. आण तो डबा."

घरं संपली तेव्हा ती फाटकावर उभी राहायला लागली. आत जाणाऱ्या प्रत्येकीला एकच सांगे, "राख म्हणायचं नाई. जहर म्हणा." यालाच कारखान्याच्या साहेबांनी अफवा म्हटलं. मला ते म्हणाले, पाटी लावलेली आहे, बायांना वाचता येत नाही का? येतं, साहेब. पण पाटी तुम्ही तपासणीला येणाऱ्यांसाठी लावली आणि 'राख' हा शब्द बायांसाठी ठेवला. धूळ म्हटलं असतं तर एकीनंही ती घरात नेली नसती.

नातीचं रक्त पुन्हा तपासायचं आहे. डॉक्टर अजून नक्की काही सांगत नाहीत. परवा मीच थकून म्हटलं, मावशी, जरा थांबा. पायात चप्पल सरकवत ती म्हणाली, "पोट्टीच्या आंगातलं शिसं थांबून राह्यलं का?"

तुम्ही या भागात राहत असाल आणि घरात असा डबा असेल, तर तो नाल्यात ओतू नका. झाकण घट्ट लावा आणि फाटकावर नेऊन साहेबांसमोर ठेवा. आपल्या लेकरांचं रक्त कारखान्याच्या खर्चानं तपासून मागा. आणि विमलमावशीला कामावर परत घेतल्याशिवाय तिथून हलू नका.